मालगाडी पळते किती ते सोडा, उभी किती राहते ते बघा

परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी परत तो रुद्रास्त्रचा व्हिडिओ टाकला. तीच ती साडेचार किलोमीटर लांबीची मालगाडी, ७ ऑगस्ट २०२५ ला गंजख्वाजा ते गढवा रोड चालवलेली, ३५४ वॅगन, सात इंजिनं, ड्रोनने शूटिंग आणि मागे ढॅणढॅण म्युझिक. मी पण अंगठा दिला, खोटं कशाला बोलू, बघायला भारीच वाटतं. मग एकाने मला टॅग करून विचारलं, काका तुम्ही तर मालधक्क्यावरचे, आता तुमचा माल लवकर येत असेल ना? त्याला तिथंच उत्तर टाईप करायला लागलो आणि ते एवढं वाढलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकू, नाहीतरी इथं दिवाळीनंतर काही लिहिलेलं नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी रेल्वेत नाही. आमचा हुंडेकरीचा धंदा, वडिलांपासूनचा. नाशिक जिल्ह्यातल्या मालधक्क्यांवर खताचे, सिमेंटचे रेक (म्हणजे एकत्र जोडलेल्या वॅगनची अख्खी गाडी) लागले की ते खाली करून घ्यायचे, ट्रक लावायचे, माल गोडाऊनला पोचवायचा आणि कांद्याच्या सीझनला उलटं, म्हणजे रेक भरून द्यायचे. त्यामुळे रेल्वे मला कायम धक्क्यावरून दिसते, इंजिनातून कधी दिसली नाही, आणि खाली जे लिहितोय ते त्याच बाजूने आहे हे धरून वाचा.

तर आधी रुद्रास्त्रबद्दल. सहा रिकामे रेक एकमेकांना जोडले आणि एकच गाडी म्हणून साधारण दोनशे किलोमीटर नेले, पाच तासांच्या थोड्या वर वेळ लागला, म्हणजे ताशी चाळीसचा ॲव्हरेज. सहा गाड्या वेगवेगळ्या सोडल्या असत्या तर सहा पाथ लागले असते. पाथ म्हणजे टाईमटेबलमधली मोकळी फट, ज्यात कंट्रोलर ती गाडी घुसवतो. सहाच्या ऐवजी एक पाथ, क्रू पण कमी, आणि रिकाम्या वॅगन कोळशाच्या खाणींकडे लवकर पोचल्या, इतका साधा आणि खरा फायदा आहे त्यात. २०२० मध्ये शेषनाग चालवली तेव्हा चार रिकामे रेक होते, आणि १५ ऑगस्ट २०२२ ला सुपर वासुकी कोरब्याहून राजनांदगावला आणली ती तर भरलेली होती, २९५ वॅगन आणि २७,००० टन कोळसा. म्हणजे हे नुसतं शोबाजीचं काम आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे स्टेशनवरच्या लूप लाईनचं, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या लाईनचं, स्टँडर्ड माप ६८६ मीटर, फक्त मालगाड्यांसाठीच्या नव्या कॉरिडॉरवर दीड किलोमीटरचे लूप, तर साडेचार किलोमीटरची गाडी मध्येच बाजूला घ्यायची कुठं? ती एकदा निघाली की पुढचं सगळं मोकळं ठेवावं लागतं, आणि पोचली की परत तोडून सहा रेक करावे लागतात. रोज उठून करायचं काम नाही ते.

आता खरा हिशोब. रेल्वेत एक आकडा असतो, वॅगन टर्नराउंड. म्हणजे एक वॅगन भरली, पोचली, रिकामी झाली आणि परत भरायला लागली, या सगळ्याला किती दिवस गेले. मालवाहतुकीत मला याच्याइतका प्रामाणिक आकडा दुसरा दिसत नाही कारण यात काहीच लपवता येत नाही, गाडी कुठंही उभी राहिली की ते यात धरलं जातं. आपल्या ब्रॉडगेजवर १९८०-८१ साली हा आकडा पंधरा दिवसांच्या वर होता. पंधरा दिवस! २००० सालापर्यंत साडेसात झाला आणि २०१० च्या सुमाराला पाच दिवसांवर आला. तिथंच साधारण घुटमळतोय.

पाच दिवस म्हणजे १२० तास. माल सरासरी पाचशे-सहाशे किलोमीटर जातो, रिकामा परत येतो तो पण तेवढाच धरा, जास्तीत जास्त बाराशे किलोमीटर झाले. मालगाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस धरला तरी अठ्ठेचाळीस तास. बाकीचे बहात्तर तास ती वॅगन कुठं असते? आणि तो पंचवीसचा वेग तरी कसला, त्यात लूपमध्ये उभं राहणं पण आलंच, कारण सिग्नल मिळाल्यावर मालगाडी साठ-सत्तरने जातेच की, आम्ही डोळ्यांनी बघतो. म्हणजे पाच दिवसांतले निम्म्याच्या वर तास वॅगनचं चाक हलत नाही. यात इंजिन बारा हजार हॉर्सपॉवरचं लावा नाहीतर चोवीस हजारचं, उभ्या गाडीला त्याचा काय उपयोग.

(मधेपुऱ्याचं बारा हजारचं डब्ल्यूएजी-१२ इंजिन भारीच आहे हां, गैरसमज नको. आपल्या कसारा घाटात १ ला ३७ चा चढ आहे, मागून बँकर म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लावल्याशिवाय भरलेली गाडी इगतपुरीला चढत नाही, आणि पूर्वी डीसी-एसी करंटच्या भानगडीत इगतपुरीला इंजिनच बदलावं लागायचं ते आता बंद झालं. चढाला ताकद लागतेच. मी बोलतोय ते सपाटीवर उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल.)

पंधराचे पाच कसे झाले हे बघितलं की पुढं काय करायचं ते पण कळतं. पूर्वी एकेक वॅगन बुक व्हायची. व्यापाऱ्याने दोन वॅगन साखर बुक केली की त्या कुठल्यातरी गाडीला जोडायच्या, मोठ्या यार्डात गाडी तोडायची, वॅगन दिशेप्रमाणे लावायच्या, परत जोडायच्या, पुढच्या यार्डात परत तेच. वडील सांगायचे की भुसावळच्या यार्डात वॅगन गेली की ती कधी बाहेर पडेल ते देवालाच ठाऊक, माणूस पाठवून शोधायला लागायची. १९८० नंतर एम. एस. गुजराल रेल्वे बोर्डाचे चेअरमन असताना हे मोडून काढलं. पूर्ण रेक एका ठिकाणी भरायचा, थेट दुसऱ्या ठिकाणी न्यायचा, मध्ये यार्ड नाहीच, आणि जुन्या कटकटीच्या वॅगन भंगारात. पुढे एअर ब्रेकच्या बॉक्सएन (उघड्या) वॅगन वाढल्या. मग लालूप्रसादांच्या काळात, २००४ ते २००९, एका वॅगनमध्ये जास्त टन भरायला परवानगी दिली, धक्के रात्री पण चालू ठेवायला लागले, रेकची तपासणी दर फेरीला करायच्या ऐवजी लांब अंतराने व्हायला लागली. त्यांच्या आकड्यांवरून नंतर बरेच वाद झाले ते झाले, पण मुद्दा बघा, या सगळ्यात नवीन ट्रॅक किंवा जास्त वेगाची इंजिनं फारशी कुठं नव्हतीच. उभं राहण्याच्या जागा कमी केल्या एवढंच.

आणि त्याची किंमत पण दिली, ते लोक विसरतात. पूर्ण रेक भरेल एवढा माल ज्याच्याकडे आहे तोच रेल्वेचं गिऱ्हाईक राहिला. कोळसा, सिमेंट, खत, धान्य, लोखंड, पेट्रोल. दोन वॅगनवाला आमचा व्यापारी ट्रककडे गेला तो गेलाच. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशातला ऐंशी टक्क्यांच्या वर माल रेल्वेने जायचा, आता तीस टक्केसुद्धा जात नाही. नॅशनल रेल प्लॅनमध्ये २०३० पर्यंत ४५ टक्के करायचं ठरलंय. बघू.

आता धक्क्यावर या. मला जे रोज दिसतं ते इथं आहे.

खताचा रेक येतो तो बहुतेक बीसीएनचा म्हणजे बंद वॅगनचा, बेचाळीस वॅगन. एका वॅगनमध्ये त्रेसष्ट टनाच्या आसपास, म्हणजे युरियाची ४५ किलोची गोणी धरली तर चौदाशे गोण्या. बेचाळीस वॅगनच्या झाल्या जवळपास एकोणसाठ हजार. या सगळ्या माणसाने पाठीवर उचलून उतरवायच्या, आणि त्यासाठी रेल्वे जो फुकट वेळ देते तो नऊ तास. त्यानंतर डेमरेज म्हणजे उशिराचा दंड, वॅगनला तासाला दीडशे रुपये, म्हणजे अख्ख्या रेकचे तासाला ६,३०० रुपये. प्लॅटफॉर्मवर माल पडून राहिला तर वॉर्फेज वेगळं.

हे ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं की मग नऊ तासात करा की, हमालांच्या टोळ्या जास्त लावा. बरोबर आहे, पण रेक लागतो कधी? सकाळी अकराला लागेल असा मेसेज येतो, मग कुठंतरी क्रूचे ड्यूटीचे तास संपतात, गाडी मधल्याच स्टेशनला स्टेबल करतात म्हणजे उभी करून ठेवतात, नवीन क्रू येईपर्यंत संध्याकाळ, मग मेल-एक्स्प्रेस सगळ्या पुढे काढून देतात आणि रेक लागतो रात्री दीडला. टोळीला अकराला बोलावलेलं असतं. माथाडी कामगार दिवसभर धक्क्यावर झाडाखाली बसून असतात आणि रात्री दीडला आपण त्यांना म्हणायचं चला. ट्रकवाल्यांचं तेच. आणि समजा टोळी उठली, ट्रक लागले, तरी तालुक्याच्या डीलरचं गोडाऊन सकाळी नऊच्या आधी उघडत नाही! रेल्वे चोवीस तास चालू, धक्का चोवीस तास चालू, पण गोडाऊनचं शटर काही चोवीस तास चालू नाही, ट्रक भरून उभे आणि पुढे जागा नाही. मग गोण्या प्लॅटफॉर्मवर थप्पी लावून ताडपत्री टाकायची, जूनचा महिना असेल तर पाऊस आहेच, आणि सकाळी त्याच गोण्या परत उचलून ट्रकमध्ये. एक गोणी दोनदा हाताळली, दोनदा मजुरी.

त्यात अजून एक भानगड. एका धक्क्यावर, नाव घेत नाही, प्लॅटफॉर्मची लांबी अर्ध्या रेकचीच आहे. म्हणजे आधी एकवीस वॅगन लावायच्या, त्या रिकाम्या झाल्या की बाजूला काढून दुसऱ्या एकवीस आत घ्यायच्या. त्यासाठी इंजिन पाहिजे. इंजिन रेक लावून केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं. मग ते परत येईपर्यंत अर्धा रेक रिकामा, अर्धा भरलेला आणि टोळ्या बसून. हा प्लॅटफॉर्म वाढवायला किती खर्च येईल? काही शे मीटर भराव, कोबा, लाईट. डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉरच्या बजेटमध्ये ती रक्कम दिसणार पण नाही. पण त्याची फीत कापायला मंत्री येत नाही ना.

मला कुणी विचारलं की एक रुपया खर्च करायचाय, कुठं करू, तर मी म्हणेन तो अख्ख्या लांबीच्या प्लॅटफॉर्मवर कर, त्याच्या शेजारी पत्र्याचं गोडाऊन बांध म्हणजे रात्री माल थेट आत जाईल, चांगले लाईट लाव, टोळीला बसायला शेड आणि संडास-पाणी दे. २०२१ च्या डिसेंबरात गतिशक्ती कार्गो टर्मिनलची पॉलिसी आली, खाजगीवाल्यांना टर्मिनल बांधायला सोपं केलं, ती दिशा मला तरी पटते, कारण ज्याने स्वतःचे पैसे घातलेत तो प्लॅटफॉर्म अर्धा बांधत नाही.

ट्रॅकचा प्रश्न खोटा आहे असं मात्र नाही, आणि तो किती खरा आहे हे लॉकडाऊनने दाखवलं. २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि त्याच मालगाड्या, तीच इंजिनं, तेच ड्रायव्हर, सरासरी वेग तेवीस-चोवीसवरून पंचेचाळीसच्या आसपास गेला. आमच्याकडे रेक मेसेजच्या वेळेला लागायचे, आम्हालाच विश्वास बसेना. तेव्हाच ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, १,५१९ किलोमीटर, साधारण बत्तीस तासात. म्हणजे ताशी सत्तेचाळीसच्या वर, थांबे धरून! ती गाडी मला आवडायची त्याचं कारण अनुदान नव्हे. भाड्यात निम्मी सूट होती ती होतीच, पण खरी गोष्ट म्हणजे तिला टाईमटेबल होतं आणि शेतकऱ्याला पूर्ण रेक भरायची गरज नव्हती, डाळिंबाचे पाच-पन्नास क्रेट असले तरी चालायचे. १९८० मध्ये जो दोन वॅगनवाला गिऱ्हाईक सोडून दिला होता तोच परत आला. सांगोल्याहून शालिमारला शंभरावी गाडी सुटेपर्यंत पाच महिने पण झाले नव्हते. मग पॅसेंजर गाड्या परत सुरू झाल्या, सूट थांबली, आणि हळूहळू विषय संपला.

आपल्याकडे सुवर्ण चतुष्कोन आणि त्याचे कर्ण म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नई-हावडा जोडणाऱ्या लाईनी, एकूण मार्गाच्या फक्त १६ टक्के, आणि त्यावर निम्म्याहून जास्त प्रवासी आणि निम्म्याहून जास्त माल. भुसावळ-मनमाड त्यातच येतं. तिथं मालगाडीला पाथ मिळत नाही यात कंट्रोलरचा काय दोष, राजधानी थांबवून युरिया पुढे काढला तर त्याला उद्या कोण सोडेल. त्यामुळे वेगळे ट्रॅक पाहिजेतच. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड चौथी लाईन आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाईन मंजूर झाली, ती झाली की आमच्या बाजूला फरक पडेल. वेस्टर्न फ्रेट कॉरिडॉरवर तर कंटेनरवर कंटेनर ठेवून विजेच्या तारेखालून दीड किलोमीटरची गाडी जाते, जानेवारी २०२१ मध्ये न्यू अटेली ते न्यू किशनगड पहिली गेली. फक्त दादरीहून निघालेला हा १,५०६ किलोमीटरचा कॉरिडॉर न्हावा-शेव्याला पोचतानाच अडकला, वैतरण्यापासूनचा शेवटचा शंभरेक किलोमीटरचा तुकडा बाकी सगळं झाल्यावर पण वर्षानुवर्षं रेंगाळला, आणि तोपर्यंत गुजरातच्या मुंद्रा-पिपावाव बंदरांनी फायदा घेतला. महाराष्ट्रात कुणी याच्यावर मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही.

बरं, उभं राहणं कमी करा म्हटलं की लगेच काही जण अमेरिकेचं उदाहरण देतात, म्हणून ते पण सांगून टाकतो. हंटर हॅरिसन नावाचा रेल्वेवाला होता, आधी कॅनडात आणि शेवटी २०१७ मध्ये सीएसएक्स या अमेरिकन रेल्वे कंपनीत, त्याने ‘प्रिसिजन शेड्युल्ड रेलरोडिंग’ नावाची पद्धत आणली. मूळ कल्पना माझ्या मनासारखीच आहे, गाडी भरण्याची वाट बघत बसायचं नाही, ठरलेल्या वेळेला सोडायची, यार्डात वॅगन पडून राहू द्यायची नाही, कमी इंजिनात जास्त काम. पण शेअर बाजाराने त्यातला एकच आकडा उचलला, ऑपरेटिंग रेशो, म्हणजे शंभर रुपये कमवायला किती खर्च झाले. तो खाली आणायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे माणसं कमी करा आणि गाड्या लांब करा. तिथल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत ४५,००० च्या आसपास माणसं कमी केली, जवळपास २९ टक्के. कोविडनंतर माल वाढला आणि गाड्या भरून उभ्या, चालवायला क्रूच नाही. एप्रिल २०२२ मध्ये रेल्वे कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने कंपन्यांना सुनावणीला बोलावून घेतलं, कारण धान्यवाले, केमिकलवाले सगळे ओरडत होते. गाडी उभी राहू नये म्हणून काढलेली पद्धत, आणि शेवटी गाडी उभी राहिलीच.

आपल्याकडे ऑपरेटिंग रेशोच्या ऐवजी लोडिंग. किती मिलियन टन लोड केलं. दीडशे कोटी टनाच्या वर गेलो, छान, निम्मा त्यातला कोळसा. आणि मार्चमध्ये तर विचारू नका, वर्षाचं टार्गेट गाठायला जिथून मिळेल तिथून रेक भरायचे, आणि उतरवायच्या ठिकाणी एकामागे एक तीन रेक येऊन उभे. भरलेला टन मोजला गेला, उभा राहिलेला तास कोण मोजतो. डेमरेज मोजतात म्हणा, पण ते आमच्या चुकीचं. रेक चौदा तास उशिरा लागला त्याचं उलटं डेमरेज आम्हाला रेल्वेकडून मिळालं तर सगळं सुधारेल असं मी एकदा मीटिंगमध्ये बोललो होतो, सगळे हसले, साहेब पण हसले.

आमच्याकडून काय होऊ शकतं ते पण आम्ही करतोय. गाडी कुठं आहे ते आता एफओआयएसवर, म्हणजे रेल्वेच्या मालगाड्यांच्या माहितीच्या सिस्टिमवर, मोबाईलवर दिसतं, त्यामुळे टोळीला मेसेजच्या वेळेला न बोलावता गाडी मनमाडच्या पुढे सरकली की बोलावतो, मुकादमाला ते पटायला वेळ लागला पण आता तोच मला स्क्रीनशॉट पाठवतो. दोन डीलरनी रात्रीची किल्ली वॉचमनकडे ठेवायला सुरुवात केलीय, त्यामुळे त्यांच्या तालुक्याचा माल प्लॅटफॉर्मला लागतच नाही, वॅगनमधून थेट ट्रकमध्ये. बाकीच्यांना चोरीची भीती वाटते आणि ती अगदीच चुकीची नाही. रात्रीच्या मजुरीचा दर हा मोठा विषय बाकी आहे, टोळीचं म्हणणं दिवसाच्या दीडपट, खताच्या कंपनीचं म्हणणं सव्वापट, मी मध्ये. डेमरेजचे दोन तास वाचले तरी बारा हजार सहाशे वाचतात, दीडपट देऊन पण कंपनी फायद्यात राहते, हे गणित मी त्यांना कागदावर करून दाखवलंय. पुढच्या आठवड्यात त्यांचा मॅनेजर येतोय, खरीपाचा पहिला रेक लागायच्या आत हे मिटवायचंय.